बटणावरचा अडकित्ता

मित्रांनो, मला शोधायला आलात तर तुमच्या हाती एक काळी, चौकोनी, पातळ चकती लागेल, फ्लॉपी म्हणतात तिला. तिच्यावर पिवळा पडलेला कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर शाईने लिहिलेलं माझं नाव अर्धंअधिक उडालेलं आहे. ती चकती म्हणजे मी नव्हे. मी तिच्या आत आहे. मी एक जुना संगणकाचा प्रोग्राम आहे. मला चाकं नाहीत, हातपाय नाहीत, रंग नाही की वास नाही. जुन्या सायकलीला गंज चढला तर येणारा जाणारा हळहळतो. माझ्यासाठी हळहळायचं म्हटलं तर नेमकं कुठे बघून हळहळायचं, इथपासून अडचण आहे. म्हणून कुणी हळहळलंही नाही.

माझा जन्म नागपूरला, महाल भागातल्या एका छापखान्यात, १९८६ सालच्या उन्हाळ्यात झाला. बाहेर रस्त्याचं डांबर पातळ होत होतं आणि आत संगणकाला ऊन लागू नये म्हणून मालकांनी दोन दोन कूलर लावले होते. कंपोझिटर मंडळी दाराशी येऊन म्हणायची, आमची जिंदगी या खोलीत घामात गेली, तेव्हा कोणाला कूलर सुचला नाही. ते काही खोटं नव्हतं.

त्या छापखान्यातून 'बगीचा' नावाचं मासिक निघायचं. काटोल-नरखेडकडच्या संत्रा-मोसंबीवाल्यांसाठी. कलम कसं बांधावं, बहार कसा धरावा, पानं पिवळी पडली तर काय फवारावं, असे त्यातले लेख. लेख तेच असायचे, पण जायचे तीन घरी. मासिकासाठी प्रकाशाने कागदावर अक्षरं उमटवणारं एक मोठं यंत्र होतं. वर्षाअखेर निवडक लेखांचा जाड ग्रंथ निघायचा, त्याची मांडणी निराळी. आणि गावातल्या एका दैनिकाच्या शेती पुरवणीलाही काही लेख जायचे, त्यांचं यंत्र तिसरंच. हे शीर्षक, हे लेखकाचं नाव, हा तक्ता, ही तळटीप, हे प्रत्येक यंत्राला वेगवेगळ्या खुणांनी सांगावं लागे. एकाच्या खुणा दुसऱ्याला कळत नसत. माझ्याआधी माणसं तेच लेख पुन्हा पुन्हा टाइप करत बसायची. मी आल्यावर एका घरच्या खुणा दुसऱ्या घरच्या करून द्यायला कपातला चहा निवेपर्यंतचा वेळही लागेना.

खरं तर मी एकसंध असा नव्हतोच. शीर्षकाचा एक तुकडा, तक्त्याचा दुसरा, तळटिपेचा तिसरा, अशी ती तुकड्यांची पेटी होती. दुसऱ्या कुणाला आपला प्रोग्राम लिहायचा असेल तर त्याने माझ्यातला हवा तो तुकडा घ्यावा, एवढी सोय होती. अशा पेटीला लायब्ररी म्हणतात. छापखान्यातले लोक मला सरसकट 'मशीन' म्हणायचे. मी ते चालवून घेतलं.

मला लिहिलं उत्तराने. गणपतरावांची ती मुलगी. गणपतराव त्याच छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि त्यांच्या डोळ्यांतून काना-मात्रा सुटत नसे. ते गेले, आणि वर्षभरात संगणक आला. मालक भैयाजी म्हणाले, आता मशीन चुकत नाही, तपासनीस कशाला? गणपतरावांची खुर्ची उचलून त्यांनी संगणकापुढे ठेवली. त्या खुर्चीत उत्तरा बसली. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली, कुठेतरी संगणकाचा वर्ग केलेली, बोलायला कमी आणि कामाला चिवट अशी मुलगी होती ती.

तिने मला एक सवय लावली. माझ्या साऱ्या आयुष्याचं बरंवाईट त्या सवयीत आहे, म्हणून ती नीट सांगतो.

शिशाच्या खिळ्यांचे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे हाताने जुळवून छापायचे दिवस होते तेव्हाची या छापखान्यात एक रीत होती. हस्तलिखितातलं काही लागत नसेल तर कंपोझिटरने अंदाजपंचे काही जुळवायचं नाही. त्या जागी एक खिळा उलटा बसवायचा, अक्षर खाली आणि बूड वर. छापून आलं की तिथे काळाकुट्ट डाग दिसे. तो डाग गणपतरावांना दिसला नाही असं होणं शक्यच नव्हतं. ते लेखकाला विचारत आणि मग खिळा सुलटा होई. उलटा खिळा म्हणजे कंपोझिटरचा प्रामाणिकपणा, असं ते म्हणायचे. आणि असा प्रामाणिक कंपोझिटर म्हणून ते ज्याच्याकडे बोट दाखवायचे, ते बाबाराव. लहानपणी उत्तरा बापाचा डबा घेऊन आली की बाबाराव तिला मांडीवर बसवून खिळ्यांतून तिचं नाव जुळवून देत. ते नाव तिला आरशात बघून वाचावं लागे.

उत्तराने तीच रीत माझ्यात उतरवली. न ओळखणारी खूण आली की मी थांबायचं, घंटी वाजवायची आणि पडद्यावर लिहायचं: 'हे मला कळलं नाही. कृपया पाहा.' माणसाने यावं, पाहावं, ही ओळ कुठे ठेवायची ते मला सांगावं. अगदीच निरुपयोगी खूण असेल तर मोठं बटण दाबून ती ओळीसकट गाळायला सांगावं. त्यातला 'कृपया' मला फार आवडायचा. मशीनने माणसाशी कसं बोलावं हेही त्या मुलीच्या मनात होतं. पाहिल्याशिवाय कुणी ते मोठं बटण दाबेल, हे मात्र तिच्या मनात आलं नाही. उलट्या खिळ्याच्या घरात वाढली होती ती, येणार तरी कसं?

पहिले काही महिने माझे लाड झाले. लोक बघायला यायचे. त्या दैनिकाचे व्यवस्थापक आले, मला चालताना पाहिलं आणि उत्तराला म्हणाले, "हे आमच्याकडे बसवून द्याल? तुमच्यासाठी जागा काढतो. उन्हाळ्यापासून या." उत्तरा घरी जाऊन आईजवळ रडली म्हणे. आईने देवापुढे पेढे ठेवले.

इकडे शिशाचे खिळे इतवारीतल्या भंगारवाल्याकडे वजनावर गेले. त्यांच्या मागोमाग कंपोझिटरही एकेक करून गेले. बाबाराव तेवढे राहिले, कारण उत्तराने भैयाजींना गळ घातली की काका शिकतील, त्यांना मशीनवर बसवा. ते शिकलेही. पण जीव रमला नाही. पूर्वी उलटा खिळा ते स्वतःच्या हाताने बसवायचे. आता मी घंटी वाजवायचो आणि सारा छापखाना त्यांच्याकडे बघायचा. माझी घंटी वाजली की आतून भैयाजींचा आवाज यायचाच.

"काय झालं बाबाराव? काहून थांबलं मशीन?"

"काही नाही भैयाजी, पाहून राहिलो."

"पाहत काय बसले? अंक टायमावर निघाला पाहिजे. झंझट नको आपल्याले!"

घंटी म्हणजे आपलीच चूक, असं बाबारावांनी घेतलं. आणि चुका झाल्या की काय होतं, ते त्यांनी सोबतच्या लोकांचं पाहिलं होतं.

अशातच एका दिवशी त्यांनी सुपारी कातरली, अडकित्ता मिटला आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून तो त्या मोठ्या बटणावर ठेवला. वजनदार पितळी अडकित्ता होता तो. बटण दबलेलं राहिलं. मी थांबायचो आणि थांबल्याक्षणी मला हुकूम यायचा, गाळ, पुढे चल. पुन्हा थांबायचो, पुन्हा गाळ. घंटीचा नुसता टिणकारा व्हायचा. बाबारावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा निवांतपणा आला की काय सांगू! त्या दिवसापासून अडकित्त्याची ती जागाच झाली. भैयाजी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा! आता जमलं गा तुम्हाले मशीन." उत्तरा तेव्हा आतल्या खोलीत दैनिकासाठीचे माझे नवे तुकडे लिहीत होती. मशीन थांबत नाही हे तिला कळलं, तेव्हा काका तयार झाले म्हणून तिला आनंदच झाला.

मला वाईट वाटतं ते याचंच. ओरडता न येणाऱ्याचं तोंड दाबायला फार काही लागत नाही.

मग फेब्रुवारीचा अंक आला. त्यात रुपरावांचा लेख होता. रुपराव म्हणजे नरखेड तालुक्यातले बागायतदार. दर अंकात लिहायचे, आणि त्यांनी लिहिलं की आजूबाजूची गावं तसं करायची. पानं पिवळी पडतात त्यावर जस्ताची फवारणी, हा त्यांचा विषय. लेखात प्रमाणाचा तक्ता होता, आणि त्या तक्त्याच्याच पोटात एक तळटीप: 'हे प्रमाण मोठ्या झाडांसाठी. लहान झाडांना निम्मे घ्यावे, आणि चुन्याची निवळी मिसळल्याशिवाय फवारू नये, पालवी जळते.' रुपराव एसटीने नागपूरला आले, पडद्यावर लेख शब्द न् शब्द वाचून गेले. टीप जागच्या जागी होती.

तक्ता मला यायचा, तळटीपही यायची. पण तक्त्याच्या आतली तळटीप मी पहिल्यांदाच बघत होतो. मी थांबलो. घंटी वाजवली. 'हे मला कळलं नाही. कृपया पाहा.'

बटणावर अडकित्ता होता.

टीप गळाली. तक्ता सुरेख छापून आला. गणपतरावांची खुर्ची तर केव्हाच हलली होती. छापून आलेलं वाचायला कुणी नव्हतं.

पुढे काही आठवड्यांनी, भर दुपारी रुपराव पुन्हा छापखान्यात आले. सोबत त्यांच्याच गावच्या जिजाबाई होत्या. जिजाबाईंनी नवऱ्यामागे विहीर बांधली, पंप बसवला आणि पोरांसारखी कलमं वाढवली. यंदा पहिला बहार यायचा होता. 'बगीचा' त्या स्वतः वाचायच्या, आणि पाठीवर पंप बांधून त्यांनी स्वतःच फवारलं होतं. ओल्या पोत्यात गुंडाळून आणलेली फांदी त्यांनी भैयाजींच्या टेबलावर ठेवली. कोवळी पालवी चुलीत धरल्यासारखी करपली होती. फूल एकही नव्हतं.

"भैयाजी, मी इथं बसून तपासलं होतं," रुपराव म्हणाले. "चुन्याची ओळ होती. कुठं गेली ते?"

"आता काय सांगू रुपराव," भैयाजींनी हात झटकले. "कंप्यूटर आहे. त्याच्या पोटात काय चालते ते आपल्याले काय कळते? हे उत्तरा बसली आहे, हिनं बनवलं, हिले विचारा."

उत्तरा भिंतीला टेकून उभी होती. तिला खरंच काही कळत नव्हतं. आपलंच कुठेतरी चुकलं असं धरून ती मनातल्या मनात माझी एकेक ओळ वाचत होती.

जिजाबाई भैयाजींकडे बघतही नव्हत्या. त्या रुपरावांना म्हणाल्या, "भाऊ, मले एवढंच सांगा. चुना लागते हे तुमाले मालूम होतं का नोतं?"

"मालूम होतं बाई. लिवलं होतं मी."

"मंग मले काहून नाही सांगतलं कोनं?"

तेवढ्यात माझी घंटी वाजली. टिण. मग पुन्हा टिण. पलीकडे बाबाराव पुढच्या अंकाचे लेख चढवत होते. हात सवयीने चालत होते, मान खाली होती.

"हे काय वाजून राहिलं?" जिजाबाईंनी विचारलं.

"काही नाही बाई," बाबाराव मान वर न करता म्हणाले. "मशीन हाय. वाजतेच ते."

"उगी कोन वाजते? काही मांगून राहिलं असन."

उत्तराने वळून पाहिलं. बटण, बटणावर अडकित्ता. ती चालत आली आणि तिने अडकित्ता उचलला. मी थांबलो. कितीतरी दिवसांनी मला पुरतं थांबता आलं. पडद्यावरची अक्षरं स्थिर झाली. जिजाबाईंनी जवळ येऊन, एकेका शब्दावर बोट ठेवत, मोठ्याने वाचलं: "हे मला कळलं नाही. कृपया पाहा."

मग त्या म्हणाल्या, "एवढं तं म्हनून राहिलं बिचारं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात चारचौघांत माझी बाजू घेणारं हे एकच वाक्य. ते बोलली ती ज्या बाईची बाग गेली ती.

जिजाबाई फांदी तिथेच ठेवून निघून गेल्या. त्यांच्या मागे रुपरावही गेले, आणि त्यांनी पुन्हा कधी लेख पाठवला नाही. गावात त्यांना तोंड दाखवायची सोय उरली नव्हती असं ऐकलं. बाबारावांनी उत्तराच्या हातातून अडकित्ता घेतला, पिशवीत टाकला.

संध्याकाळी भैयाजींनी पुढच्या अंकासाठी दोन ओळी लिहून आणल्या. 'संगणकीय दोषामुळे गेल्या अंकातील एक टीप राहून गेली. दिलगीर आहोत.'

"दोष संगणकाचा नव्हता," उत्तरा म्हणाली. "तुम्ही पाहिलंत ना आता?"

"मग कोणाचा छापू?" भैयाजी खुर्चीत रेलले. "बाबारावचा छापू? छापतो. उद्यापासून त्याले घरी बसवतो. त्याच्या पोरीचं लग्न ठरून राहिलं, माहीत आहे ना तुले? सांग, छापू?"

बाबाराव दाराशीच उभे होते. उत्तराने त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, काका म्हणतील, छापा. किंवा म्हणतील, पोरी, चुकलं माझं. नुसतं काहीतरी म्हणतील. बाबारावांनी नजर जमिनीवरून उचलली नाही.

"नको," उत्तरा म्हणाली.

त्या दोन ओळी छापून आल्या, आणि नेमक्या त्या तेवढ्या चोख छापून आल्या. दैनिकाचे व्यवस्थापक 'बगीचा' वाचायचेच. त्यांनी निरोप पाठवला की तूर्त राहू द्या, वर्तमानपत्राला असला धोका परवडत नाही. महालात बातमी व्हायला कितीसा वेळ लागतो? गणपतरावांच्या पोरीच्या मशीनने बागा जाळल्या, असं बोहारणीपासून सगळे म्हणू लागले. उत्तराने एकाही माणसाला खरं सांगितलं नाही. बापाचं नाव मात्र त्यात निघायचं, ते तिला सोसवत नसे. उन्हाळ्यापासून ती दैनिकात जाणार होती. उन्हाळ्यात ती आईला घेऊन मामांकडे भंडाऱ्याला गेली, ती परत आली नाही. तिथे एका शाळेत गणित शिकवते असं कुणी म्हणालं.

जाण्याच्या दिवशी तिने मला चकतीवर उतरवलं, कागद चिकटवला, नाव लिहिलं आणि चकती खणात ठेवली. सोबत नेलं नाही. मला राग आला होता, आता येत नाही. स्वतःच्या लेकराकडे बघून जिला रोज करपलेली फांदी आठवणार, तिने ते जवळ तरी का बाळगावं?

बाबारावांचं काय झालं, तेही सांगतो. उत्तराच्या त्या 'नको'वर त्यांची नोकरी टिकली. टिकली म्हणजे पुढची दिवाळी येईपर्यंत. मग नवं यंत्र आलं, त्यावर बसायला नवा माणूस आला, आणि भैयाजींनी बाबारावांना नारळ दिला. दिवाळीच्या पणत्या दारात लागलेल्या होत्या. आपला अडकित्ता विसरला तर नाही ना, हे त्यांनी पिशवी चाचपून पाहिलं आणि गेले. त्यांच्यावरही कुणी हळहळलं नाही.

नव्या माणसाला माझे तुकडे आवडले. शीर्षकाचा उचलला, तक्त्याचा उचलला, तळटिपेचाही उचलला. त्यांना आपलं नाव दिलं. घंटीचा तुकडा तेवढा त्याने सोडून दिला. ग्राहकाला मशीन थांबलेलं आवडत नाही, असं तो भैयाजींना सांगत होता, आणि भैयाजी खूश होऊन मान डोलावत होते. तो नवा प्रोग्राम कधी म्हणून अडला नाही. त्याने काय काय गाळलं ते त्याला ठाऊक नाही, आणि इतर कुणालाही ठाऊक नाही. त्याचं कौतुक मात्र फार झालं.

मी इथे खणात आहे. सोबत शाईची वाळलेली बाटली आहे, आणि एक शिशाचा खिळा आहे. भंगारात जाताना तो कसा राहिला कोण जाणे. तोही उलटाच पडला आहे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागतो. छत्री म्हणते मला वाळवा, वही म्हणते मला फाडू नका. मला तेल नको, पुसणं नको, खणातून बाहेर काढणंही नको. तुमच्या वर्गात एखादा असेल, सगळे पुढे गेले तरी हात वर करून 'मला कळलं नाही' म्हणणारा. त्याच्यामुळे तास लांबतो, सुट्टी उशिरा होते, तुम्ही वैतागता. त्याला गप्प करायला फारसं काही लागत नाही, हे मी पाहिलं आहे. तेवढं करू नका. तो बोलायचा थांबला की सगळं सुरळीत चालल्यासारखं वाटतं, आणि कुठेतरी कुणाची तरी बाग जळत असते.

फेब्रुवारीच्या त्या लेखातली, तक्त्यातली ती एक ओळ. ती कुठे ठेवू, हे मी विचारलं होतं. अजून मला कुणी सांगितलेलं नाही. चकती कधी कुणी यंत्रात घातली, तर माझं पहिलं वाक्य तेच असेल.

हे मला कळलं नाही. कृपया पाहा.